गावात वीज आली, शाळेत केव्हा?

१/
९ मार्च २००० ची रात्र. प्रशांत महासागरातील तुवालू हे जेमतेम दहा हजार लोकवस्तीचे बेटांचे राष्ट्र. तेथील वैतुपू बेटावरच्या मोटुफुआ माध्यमिक शाळेत मुलींच्या वसतिगृहाला आग लागली. १८ मुली आणि त्यांच्या एक पर्यवेक्षिका मृत्युमुखी पडल्या. रात्रीचे दिवे मालवल्यानंतर अभ्यासासाठी लावलेली मेणबत्ती, हे आगीचे कारण म्हणून पुढे आले.

२/
आता एक प्रश्न. 'या शाळेत वीज आहे का?' असा रकाना त्या वर्षी कोणी भरला असता, तर उत्तर काय आले असते? 'होय'. दिवे होते म्हणूनच ते मालवले गेले. मुलीला पुस्तक उघडायचे होते त्या घटकेला मात्र ते नव्हते.

आजचा हा धागा त्या 'होय'विषयी आहे. तुवालूची वार्ता वाचताना मला सतत आपली खोरी आठवत होती : हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे. शिवकालाचा अभ्यास करणाऱ्यांना ही नावे तोंडपाठ असतात. त्याच खोऱ्यांतील शाळांत विजेचा दिवा केव्हा आणि कोणत्या क्रमाने पोहोचला, हे मात्र कोणी विचारत नाही.

३/
प्रथम भूगोल. सारोळे हे भोर तालुक्याचे पूर्वेकडील टोक. पुणे-सातारा महामार्ग येथे नीरा नदी ओलांडतो. पलीकडे शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. येथून पश्चिमेस भोर, आणि भोरच्या मागे सह्याद्रीत घुसत गेलेली खोरी. उत्तरेस महामार्गावरच्या नसरापुराहून आत वळले की वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका.

महामार्गावरचे गाव आणि खोऱ्यातले गाव यांत अंतर चाळीस-पन्नास किलोमीटरांचे असते. विजेच्या इतिहासात हे अंतर दशकांमध्ये मोजावे लागते.

४/
गंमत अशी, की हा मुलूख विजेला अगदी आरंभापासून परिचित होता. परिचित म्हणजे कसा, ते पाहा.

टाटांचा पहिला जलविद्युत प्रकल्प खोपोली येथे १९१५ मध्ये सुरू झाला. लोणावळ्याच्या माथ्यावर पाणी अडवायचे, ते घाटाखाली सोडायचे, त्या उंचीच्या जोरावर जनित्रे फिरवायची आणि वीज थेट मुंबईच्या कापड गिरण्यांना द्यायची, अशी ही योजना. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. भिऱ्याला पाणी पुरवणारे धरण म्हणजे मुळशी. मुळशी तालुका वेल्ह्याला लागून आहे.

५/
मुळशीचा सत्याग्रह आपणांस ठाऊक असेलच. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तो सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यात अग्रभागी होते. बापटांना 'सेनापती' ही ओळख याच लढ्याने दिली. ५२ गावांच्या जमिनींचा हा प्रश्न होता. सत्याग्रह मोडला आणि धरण झाले.

या लढ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून त्यात शिरत नाही. मला येथे एकच बाजू महत्त्वाची वाटते. मावळातील भाताची खाचरे ज्या विजेसाठी बुडाली, ती वीज मावळ्यांच्या डोक्यावरून निघून गेली, आणि हे केवळ अलंकाराने म्हणत नाही.

६/
तांत्रिक बाजू थोडी समजून घेऊ, कारण पुढच्या सगळ्या कथेची ती किल्ली आहे.

दूरवर वीज न्यायची तर दाब प्रचंड वाढवावा लागतो. टाटांच्या त्या वाहिन्या लाखभर व्होल्टच्या होत्या. अशा वाहिनीखाली उभ्या असलेल्या झोपडीला तिचा काडीचा उपयोग नसतो. आधी उपकेंद्र हवे, तेथे दाब उतरवून ११ हजार व्होल्टची वाहिनी काढायची, मग गावात रोहित्र बसवून तो चारशेच्या घरात आणायचा, मग खांब, मग घराकडे जाणारी तार. गावकरी रोहित्राला 'डीपी' म्हणतात. ही मधली साखळी उभारण्यास पैसा लागतो आणि तो फिटेल इतके ग्राहक लागतात. गिरणी हा एकच ग्राहक हजारो घरांच्या तोडीचा. मुळशीच्या जलाशयाकाठच्या अनेक वाड्यांवर वीज पोहोचण्यास स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके जावी लागली, त्याचे अर्धे उत्तर या साखळीत आहे. उरलेले अर्धे राजकारणात.

७/
भोर संस्थानची गोष्ट थोडी वेगळी. येथे बुडवणारे पाणी विजेचे नव्हते, कालव्याचे होते.

वेळवंडी नदीवर भाटघर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण झाले. त्याचा जलाशय 'लेक व्हाइटिंग'. नंतर त्याच्या खालच्या अंगास अधिक उंच असे 'लॉइड धरण' बांधले गेले आणि १९२८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. दीड किलोमीटरहून लांब अशी ती दगडी भिंत आजही उभी आहे. बुडालेली जमीन पंतसचिवांच्या संस्थानातली; भिजलेली जमीन बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडची. वेळवंड खोऱ्यातील गावे जलाशयाच्या दोन काठांवर विभागली गेली. पावसाळ्यात पलीकडच्या गावाला जायचे तर होडी, नाहीतर लांबचा वळसा. महासागर नसतानाही बेट होता येते ते असे.

८/
या भाटघरच्या पायथ्याशी वीजगृह आले ते १९७० च्या दशकात : १६ मेगावॅटचे. त्याच दशकात सारोळ्याच्या खालच्या अंगास, नीरेवरच्या वीर धरणावर ९ मेगावॅटचे. म्हणजे पाणी अडवल्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने भोरच्या पाण्यातून वीज निघाली. आणि तीही निघाली ती राज्याच्या ग्रिडमध्ये. वीजगृहाशेजारच्या गावाला विजेवर पहिला हक्क मिळतो, अशी समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. ग्रिडला शेजारधर्म नसतो.

९/
आता माध्यमिक शाळांकडे वळू.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, त्यांत भोरही होते. तोपर्यंत या मुलखात इंग्रजी शिक्षण म्हणजे प्रामुख्याने भोर शहर, नाहीतर पुणे. खोऱ्यातला मुलगा चौथी-सातवी शिकून थांबे. १९५९-६० च्या सुमारास आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी मिळू लागली आणि चित्र पालटले. मोठ्या गावांत हायस्कुले निघू लागली. ती बहुतांशी सरकारने काढली नाहीत. शिक्षणसंस्थांनी काढली आणि सरकारने अनुदान दिले. महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षणाचा सांगाडा आजही असाच आहे. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची, माध्यमिक शाळा संस्थेची.

हा भेद लक्षात ठेवा. पुढे वीजबिल येणार आहे.

१०/
त्या काळात शाळेला वीज हवी, असे कोणाला वाटत होते का? प्रामाणिक उत्तर : फारसे नाही. शाळा अकरा ते पाच. उजेड सूर्याचा. प्रयोगशाळेत ओहमचा नियम कोरड्या घटांवर सिद्ध करून दाखवता येतो. घंटा पितळेची. मग वीज कशाला?

हा युक्तिवाद सोलापूर-उस्मानाबादकडे खपून गेला असता. हिरडस मावळात आणि वेल्ह्याच्या पश्चिम भागात तो चार महिने लागू पडत नाही. येथला पाऊस आडवा असतो. वारा आणि पाणी आत येऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आणि मग भरदुपारी वर्गात फळा दिसेनासा होतो. जून ते सप्टेंबर म्हणजे शालेय वर्षाचे पहिले सत्र जवळजवळ पुरते. दहावीच्या अभ्यासक्रमाचा निम्मा भाग याच अंधारात शिकवला जाई.

११/
आणि संध्याकाळ? घरी चिमणी किंवा कंदील. कंदिलांत 'प्रभाकर' हे नाव तुमच्या आजोबांना विचारा. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंच्या काच कारखान्यात तो बने. स्वदेशीच्या चळवळीने दिलेली ही एक टिकाऊ वस्तू. शिक्षक गावात मुक्कामाला असतील तर परीक्षेआधी महिना-दोन महिने मुले रात्री शाळेतच झोपत, आणि पेट्रोमॅक्सच्या एका बत्तीभोवती अख्खा वर्ग बसे. रॉकेल शिधापत्रिकेवर. ते संपले की अभ्यास संपला.

तुवालूतील ती मेणबत्ती परकी वाटत नाही, ती यामुळे.

१२/
२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली. साठच्या दशकाच्या मध्यास देशावर दुष्काळ कोसळला आणि अन्नधान्याचा प्रश्न सर्वांच्या वर गेला. १९६९ मध्ये केंद्राने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढले. त्याच्या कर्जाचा रोख प्रामुख्याने शेतीपंपांकडे होता, आणि त्या काळाच्या दृष्टीने ते चूक म्हणता येणार नाही. विहिरीवर मोटर बसली की पीक दिसते आणि पीक विकले की कर्ज फिटते. शाळेच्या दिव्यातून काय फिटणार?

म्हणून तार आधी मळ्यात गेली.

१३/
येथे या धाग्याचा गाभा येतो. सरकारी कागदावर 'विद्युतीकरण झालेले गाव' म्हणजे काय? तीन व्याख्या, तीन काळ.

ऑक्टोबर १९९७ पर्यंतची व्याख्या : गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असेल, तर ते गाव विद्युतीकृत.

पुन्हा वाचा. महसुली हद्दीत. कोणत्याही कारणासाठी. गावठाणापासून दोन किलोमीटर दूर नदीकाठी एका बागायतदाराची एक मोटर चालू असेल, तर अख्खे गाव प्रकाशमान. महाराष्ट्रातील गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याची गणना १९८० च्या दशकाच्या अखेरीस झाली, ती या व्याख्येवर. नीरेच्या काठची गावे या कसोटीला सहज उतरली. खोऱ्यांतील गावेही, एखाद्या खांबाच्या आधारे.

१४/
१९९७ नंतर एक शब्द वाढला : वीज 'वस्तीत' वापरली जायला हवी. मळ्यातली मोटर आता पुरेशी नव्हती. पण वस्तीत एक पिठाची गिरणी असली तरी पुरे.

मग फेब्रुवारी २००४ ची व्याख्या. तिच्यात तीन अटी आल्या. वस्तीत आणि दलित वस्तीतही रोहित्र व वाहिन्या असाव्यात. शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज दिलेली असावी. आणि किमान १० टक्के घरांत वीज असावी. शिवाय ग्रामपंचायतीचे प्रमाणपत्र.

म्हणजे स्वतंत्र भारताच्या वीजमोजणीत 'शाळा' हा शब्द आला तो २००४ साली. माझ्या पिढीतील कित्येक जण तेव्हा बालवाडीत होते.

१५/
या व्याख्येतही एक फट आहे, आणि ती माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्याला नेमकी लागते. मोजणीचे एकक गाव आहे. प्राथमिक शाळा गावातच असते. हायस्कूल मात्र आठ-दहा गावांत मिळून एक. खोऱ्यातली मुलगी सकाळी आपल्या वाडीवरून निघते आणि तास-दीड तास चालून दुसऱ्या गावातील शाळेत जाते. शाळेच्या गावात वीज असेल. तिच्या वाडीत नसेल. १० टक्के घरांची अट पुरी झाली, तर तिचे गाव 'विद्युतीकृत' ठरले आणि तिचे घर उरलेल्या ९० टक्क्यांत राहिले. घरोघरी जोडणी हे उद्दिष्ट घेऊन 'सौभाग्य' योजना आली ती सप्टेंबर २०१७ मध्ये. देशातील शेवटच्या गावाचे विद्युतीकरण झाल्याची घोषणा एप्रिल २०१८ ची आहे. त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला मुंबईच्या डोळ्यांसमोरील घारापुरी बेटाला समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज दिली गेली. त्रिमूर्ती पाहायला जगभरातून लोक जात होते, आणि बेटावरची तीन गावे जनित्राच्या काही तासांवर जगत होती.

१६/
तार आली म्हणजे वीज आली का? २००५ ते २०१२ हा काळ आठवा. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आले. दाभोळचा प्रकल्प २००१ पासून बंद पडलेला, मागणी वाढलेली, नवी वीजगृहे उभी राहिलेली नव्हती. ग्रामीण भागात भारनियमन बारा तासांवर आणि काही ठिकाणी त्याहूनही वर गेले. 'आज लाइट कधी येणार?' याचे वेळापत्रक तेव्हा घराघरांत शाळेच्या वेळापत्रकाइतकेच पाठ असे.

माझी स्वतःची आठवण याच काळातली. संध्याकाळी सातला दिवे गेले की आई भाकऱ्या थांबवत नसे, आम्ही मात्र पुस्तके मिटत असू. अंधाराचा आनंद होत असे, हेही कबूल करायला हवे.

१७/
या काळात एक युक्ती निघाली, जिचा इतिहास कोणी तपशिलाने लिहायला हवा : सिंगल फेजिंग.

गावाकडे येणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या वाहिनीला तीन फेज असतात. शेतीच्या मोटरला तिन्ही लागतात; दिवा आणि पंखा एकावर चालतो. मग ठरावीक तासांत अशी व्यवस्था करायची, की मोटर चालणार नाही पण दिवे लागतील. महावितरणच्या 'अक्षय प्रकाश' योजनेत गावांनी स्वतःहून संध्याकाळच्या वेळी मोटरी बंद ठेवायच्या आणि बदल्यात दिवे मिळवायचे, असा सौदा होता. पुढे गावठाणासाठी स्वतंत्र फीडर काढण्याची योजना आली. गुजरातच्या 'ज्योतिग्राम'ची प्रेरणा त्यामागे होती.

अर्थात माणूस हुशार. सिंगल फेजवरही कपॅसिटर लावून मोटरी चालवल्या गेल्या. मग दाब कोसळायचा, ट्यूब नुसती लुकलुकायची, आणि एखाद्या दिवशी डीपी जळायची. जळालेली डीपी बदलून यायला आठवडा, पंधरवडा. मळ्यातले पाणी आणि वर्गातला दिवा एकाच तारेवर लटकत होते. ओढाताणीत कोण हरणार, हे सांगायला नको.

१८/
याच वेळी दिल्लीत काय चालले होते? डिसेंबर २००४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी संगणक शिक्षणाची केंद्रीय योजना सुरू झाली. शाळेत प्रयोगशाळा, दहा-दहा संगणक. व्याख्येत शाळेचे नाव आले त्याच वर्षी. एका खात्याने शाळेत दिवा लागल्याची नोंद घेण्याचे ठरवले आणि दुसऱ्या खात्याने संगणक पाठवले. वीज नसलेल्या वा बेभरवशाच्या असलेल्या शाळांसाठी जनित्राचा विचार करावा लागला तो यामुळे. ज्या खोलीत संगणक ठेवले ती शाळेतील सर्वांत मजबूत कुलपाची खोली असे. पुष्कळ ठिकाणी कुलूपच अधिक वापरले गेले.

१९/
आणि कायदा? शिक्षणहक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात शाळेचे निकष आहेत : सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत, प्रत्येक शिक्षकास एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण, संरक्षक भिंत किंवा कुंपण.

वीज नाही.

मी हे परिशिष्ट पहिल्यांदा वाचले तेव्हा एखादे पान सुटले असावे असे वाटले. सुटले नव्हते. हा कायदा आठवीपर्यंतचा आहे, त्यामुळे नववी-दहावीला तोही नाही.

२०/
आता बिल. माझ्या मते या इतिहासाचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे.

जोडणी एकदाच द्यावी लागते. बिल दरमहा येते. अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षकांचे वेतन सरकार देते. खडू, दुरुस्ती, वीज यांसाठी असते ते 'वेतनेतर अनुदान'. २००४ नंतर ते जवळजवळ दशकभर थांबले आणि २०१३ पासून पुन्हा सुरू झाले. म्हणजे ज्या वर्षांत संगणक शाळेत आले, नेमक्या त्याच वर्षांत ते चालवण्याच्या खर्चाचा झरा आटला होता. भार पडला तो संस्थेवर, पालकांच्या वर्गणीवर, आणि पुष्कळदा मुख्याध्यापकांच्या खिशावर.

२१/
दुसरी बाब दराची. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात शाळा बराच काळ दुकानांच्या पंक्तीत, म्हणजे वाणिज्यिक वर्गात बसत होत्या. २०१२ च्या आदेशात 'सार्वजनिक सेवा' असा स्वतंत्र वर्ग झाला. २०१५ मध्ये त्याचेही दोन भाग झाले : शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा-रुग्णालये एकीकडे, बाकीच्या दुसरीकडे.

आता नवव्या भागातला भेद आठवा. आपली बहुसंख्य हायस्कुले संस्थांची. खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवणारी अनुदानित शाळा त्यामुळे 'बाकीच्यां'त गेली, आणि शहरातील लाखाची फी घेणारी शाळाही त्याच 'बाकीच्यां'त. दर ठरवणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू असेल असे मला वाटत नाही. परंतु महाराष्ट्रातील माध्यमिक शाळा कोणी काढल्या आणि का काढल्या, हा इतिहास त्या वर्गवारीत उतरलेला नाही, इतके नक्की.

२२/
३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावरून घाट चढून आले. मावळ, मुळशी, वेल्हे, भोर या तालुक्यांत खांब आडवे झाले, शाळांचे पत्रे उडाले. बारा दिवसांनी, १५ जूनला, नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, आणि ते साथीमुळे वर्गात नव्हे, फोनवर. फोनला लागते चार्जिंग आणि टॉवरला लागते वीज. शाळा बंद असताना शाळेतील विजेला अर्थ उरला नव्हता. आता प्रत्येक घर हीच वर्गखोली होती. जेथे घरात जोडणी होती तेथेही पडलेला खांब उभा राहीपर्यंत शाळा सुरू झालेली नव्हती.

२३/
वेल्हे तालुक्यातील चांदर गावाची प्राथमिक शाळा २०१८ मध्ये वर्तमानपत्रांतून गाजली होती, कारण तिच्या पटावर एकच विद्यार्थी होता. बातमीचा रोख शिक्षकाच्या जिद्दीवर होता, आणि तो योग्यच. पण तिच्यात जाता जाता एक तपशील होता : शाळेतला छोटा टीव्ही सौर पट्टीवर चालत असे. मला तोच अधिक बोलका वाटतो. पुण्यासारखे महानगर असलेला हा जिल्हा, आणि त्याच्या एका कोपऱ्यातील शाळेने ग्रिडची वाट पाहणे सोडून दिले होते.

मोटुफुआनेही पुढे तेच केले. २००९-१० च्या सुमारास तेथे बॅटरीसह ४६ किलोवॅटची सौर यंत्रणा बसली आणि डिझेल जनित्रावरचे अवलंबन घटले. आग लागल्याला तेव्हा नऊ-दहा वर्षे झाली होती.

२४/
संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत शाळांच्या सुविधांचा निर्देशांक आहे, आणि त्यात वीज पहिल्या क्रमांकावर आहे. त्याची व्याख्या नुसत्या जोडणीवर थांबत नाही. अध्यापनासाठी पुरेशी, नियमित आणि सहज उपलब्ध असणारी ऊर्जा, असा तिचा आशय आहे. आपल्याकडे शाळांची माहिती दरवर्षी 'यूडायस'च्या प्रपत्रात भरली जाते. त्यात विजेच्या प्रश्नाला तीन पर्याय असतात : होय; नाही; होय, परंतु कार्यरत नाही.

हा तिसरा पर्याय ज्या कोणी सुचवला असेल, त्याने एखाद्या डोंगरी शाळेत एक पावसाळा काढलेला असावा असे मला वाटते.

२५/
शेवटी एक विनंती, विशेषतः गावाकडच्या मित्रमैत्रिणींना.

या विषयाची साधने पुराभिलेखागारात फारशी नाहीत; ती शाळांच्या कपाटांत आहेत. शाळेची जुनी कीर्द आणि खतावणी मागा. एखाद्या वर्षी 'रॉकेल' आणि 'कंदिलाची काच' या नोंदी थांबतात आणि 'वीजबिल' ही नोंद सुरू होते. काही शाळांत दोन्ही नोंदी कित्येक वर्षे शेजारी शेजारी चालू राहतात. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्या पानांची छायाचित्रे काढा, गाव आणि साल लिहा, आणि या धाग्याखाली जोडा. आपल्या तालुक्याच्या गॅझेटियरने गाव कधी विद्युतीकृत म्हटले आहे, तेही सोबत द्या. दोन सालांतील अंतर आपण मिळून मांडू. सारोळ्याच्या आसपासच्या शाळांपासून मी सुरुवात करतो आहे. महामार्गावरची आधी, मग भाटघरच्या पलीकडची.